दाराजवळची ओळ

भाद्रपद सरत आला तरी गिरिबालेची पाने आली नाहीत.

आमच्या भवानीपूरच्या घरात घटस्थापनेला बाजारचे पान कधी वापरले गेले नव्हते. बागनान स्टेशनाच्या पलीकडे कल्याणचक म्हणून गाव आहे. तिथल्या उपेन बारुईच्या मळ्यातली विड्याची पाने, केळीच्या पानात बांधून ओल्या फडक्यात गुंडाळलेली, त्याची बायको गिरिबाला दरवर्षी स्वतः घेऊन येत असे. हावड्याला गाडीतून उतरायचे, टोपली डोक्यावर घेऊन पूल ओलांडायचा आणि दुपारच्या आत आमच्या दारात उभे राहायचे, हा तिचा क्रम. देवघराच्या उंबऱ्यापाशी ती टोपली ठेवी. मी सोवळ्यात असे; टोपलीवर पाणी शिंपडून मग मी ती आत घेई. तेवढा वेळ गिरिबाला बाजूला उभी राहून माझ्याकडे बघून हसत असे.

ती माझी सई. आमचे यजमान, श्यामराव, बागनानला नोकरीवर असताना चारुदत्त माझ्या पोटात होता, माहेर साताऱ्याला, आणि सातव्या महिन्यात मला तापाने धरले. गिरिबाला शेजारणीबरोबर सहज म्हणून आली आणि चारुदत्त रांगू लागेपर्यंत रोज येत राहिली. बंगाली बायकांत सई जोडण्याची रीत आहे. दोघींनी मिळून एक नाव ठरवायचे आणि जन्मभर एकमेकींना त्याच नावाने हाक मारायची. आम्ही स्टेशनामागच्या बकुळीखाली उभ्या राहून ते केले. तेव्हापासून मी तिची बकुलफूल आणि ती माझी बकुलफूल. मुले आम्हा दोघींनाही सईमा म्हणत. सईच्या घरचे संकट हे आपल्या घरचे संकट असते. त्यात उपकाराचा प्रश्न येत नाही.

दामोदर नदीचा बांध फुटल्याचे वर्तमानपत्रात आले होते. श्यामरावांनी ते वाचून पेपराची घडी घातली.

"अगं, पाने इथल्या बाजारातही मिळतात. देव काही पानाला त्याचे गाव विचारत नाही."

"देव विचारत नसेल. मी विचारते."

चारुदत्त गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत होता. संध्याकाळी तो बूट काढत असतानाच मी सांगितले, "उद्या सकाळी कल्याणचकला निघायचे आहे."

"आई, रजा अशी एकदम कशी मिळेल?"

"मागितल्यावर मिळेल."

तो बंगाली शाळेत शिकलेला. रागावला की मराठी त्याला पुरत नाही. जे काही पुटपुटला ते बंगालीत पुटपुटला आणि मी ते ऐकले नाही. सून मीनाक्षीने पोहे, गूळ, मीठ, रॉकेल, दोन घोंगड्या आणि माझी जुनी लुगडी बांधून दिली. गिरिबालेला आणि तिच्या माणसांना घेऊन परत यायचे, वरच्या मजल्यावरची खोली त्यांना द्यायची, हे मी निघण्यापूर्वीच ठरवून टाकले होते. मीनाक्षीने खोली झाडूनही घेतली.

गाडी बागनानपर्यंत गेली. रुळांच्या दोन्ही बाजूंना भरावावर माणसे बसली होती, गुरे बांधली होती, चुली मांडल्या होत्या. पुढे होडी. होडीवाल्याने बांबू पाण्यात रोवून ढकलायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला विचारले, "हे शेत कुणाचे?"

"कोणतं, मा?"

"जिच्यावरून आपण चाललो आहोत ती जमीन."

"आता नदीची," तो म्हणाला आणि थुंकला.

उपेनचे घर मातीचे होते. भिंती खालून विरघळून गेल्या होत्या आणि छप्पर सरळ जमिनीवर येऊन टेकले होते. आत जायचे तर वाकून, छपराची कड वर उचलून जावे लागत होते. पाणी ओसरू लागले होते. अंगणात आता मांडीपर्यंत होते. घरामागच्या उंचवट्यावर पानमळा होता, आणि मळ्याच्या कुडाला टेकून, चार बांबूंवर छपराचा एक तुकडा टाकून सारे कुटुंब बसले होते.

पानमळा म्हटला म्हणजे आपल्याकडे शेवरीवर चढवलेल्या वेली डोळ्यांपुढे येतात. तिकडे तसे नसते. चारी बाजूंनी तागाच्या काड्यांचा दाट कूड, वर गवताचे पातळ छत, आत हिरवा अंधार आणि ओळीने वेली. लांबून ते एखादे लांबट घरच वाटते. त्याला बारुई, म्हणजे पिढीजात पानमळे करणारे लोक, देवळासारखे मानतात. आंघोळ केल्याशिवाय पुरुषदेखील आत पाय ठेवत नाही. उपेनच्या कुळात बाईने तर दारातून आत वाकूनही बघायचे नाही. गिरिबालेने जन्मभर त्या पानांच्या गड्ड्या बांधल्या, पण वेल कशी चढते हे तिने कधी पाहिले नव्हते.

मला होडीतून उतरताना पाहून ती पाण्यातच उभी राहिली. तिच्या अंगावरचे पातळ चिखलाने इतके ताठ झाले होते की ते हलत नव्हते.

"बकुलफूल," ती म्हणाली, "पाने आणता आली नाहीत ग."

"पाने गेली खड्ड्यात. सामान बांध. सगळ्यांनी चलायचे आहे."

"काय बांधू?" तिने आजूबाजूला बघितले आणि ती खरोखरच हसली. "छप्पर बांधू का?"

उपेन मळ्यातून बाहेर आला. छाती आत गेलेली, दाढी वाढलेली, ओल्या पंच्याखाली पाय पांढरेफटक पडलेले. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. "मा-ठाकरुन, तुम्ही आलात हेच पुष्कळ. पण आम्हांला नाही येता यायचे. वेली पाण्यात उभ्या आहेत."

मळ्याभोवती मातीचा बांध होता. बाहेरचे पाणी उतरू लागले तरी आत शिरलेले आतच अडकले होते, आणि चर काढून सोडावे तर बाहेरची पातळी अजून वरच. पानवेलीच्या मुळांना उभे पाणी सोसत नाही. मुळे कुजली की खोड काळे पडते. मग नवी वेल लावायला जुन्या वेलीचे तुकडे लागतात, आणि सारा मुलूख बुडालेला असताना ते आणायचे कुठून? ह्या वेली जगल्या तर बारुईचे घर उभे राहणार होते. मेल्या तर उपेनच्या मुलाला चटकलाचा, म्हणजे तागाच्या गिरणीचा, रस्ता धरावा लागणार होता. हे मला कुणी समजावून सांगितले नाही. गिरिबाला ज्या तऱ्हेने त्या कुडाकडे बघत होती त्यावरून मला ते कळले.

पाणी उपसायचे साधन म्हणजे चार दोऱ्यांची एक टोपली. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, दोन-दोन दोऱ्या धरायच्या, टोपली हेलकावा देऊन पाण्यात बुडवायची आणि त्याच झोकात बांधापलीकडे पाणी फेकायचे. एकट्याचे ते काम नव्हे. उपेन आणि माधव, बापलेक, ते करत होते. पण माधवच्या तळपायात बांबूचे धस गेले होते आणि पाऊल घोट्यापर्यंत सुजले होते. त्याची बायको प्रतिभा कडुलिंबाचा पाला ठेचून बांधत होती. लग्नाला दोन पावसाळे झालेली पोर, हातात शंखाच्या बांगड्या, तोंडाने अगदी कमी बोलणारी.

"मी धरतो दोऱ्या," चारुदत्त म्हणाला.

उपेन संकोचला. "बाबू, तुम्हांला जमायचं नाही."

"आंघोळ करून आत आलो तर चालेल ना?"

"ब्राह्मणाचा मुलगा, सईच्या पोटचा. चालण्याचं काय." मग तो हळूच हसला. "पण त्या टोपलीला जात कळत नाही. ती सगळ्यांचे हात सारखेच सोलते."

चारुदत्त पुराच्याच पाण्यात डोके बुडवून, ओल्या धोतराने आत गेला. बाहेर आम्हांला फक्त आवाज ऐकू येई. चपक, मग फेकलेल्या पाण्याचा फाटल्यासारखा आवाज, मग पुन्हा चपक. मधूनच तो थांबे आणि उपेन म्हणे, "कमरेतून, बाबू, कमरेतून. खांद्यातून नको." संध्याकाळी चारुदत्त बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातांची कातडी गोळा झाली होती. त्याला घास उचलता येईना. मी भरवला. सकाळी उपेनने आत पाहिले तर बांधातून पाझरून अर्धे पाणी परत आले होते.

"काल उपसलं ते?" चारुदत्तने विचारले.

"ते आलं बघायला, आपण काय करतोय ते," उपेन म्हणाला आणि दोऱ्या उचलल्या.

आम्ही बायका घर उकरत होतो. छपराखाली ओणवे होऊन हातांनी गाळ ओढायचा आणि टोपलीत भरून बाहेर टाकायचा. कमरेत लचक भरली तरी वाकलेलेच राहावे लागे, कारण ताठ व्हायला वर जागाच नव्हती. पाटा सापडला, वरवंटा सापडला नाही. भात सडायची लाकडी ढेंकी गाळात इतकी रुतली होती की आम्ही तिघींनी मिळून ओढली तरी ती हलली नाही. भाताचे रांजण सापडले तेव्हा गिरिबालेने आत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. दाण्यांना पांढरे मोड आले होते.

"बघ, बकुलफूल. पेरायच्या आधीच उगवलं."

"धुऊन वाळव. भाजून खाता येईल."

"वाळवू कुठे?"

मी आजूबाजूला बघितले. वाळवायला वीतभर कोरडी जागा नव्हती. मी घोंगडी पसरली. संध्याकाळपर्यंत घोंगडीही खालून भिजली आणि सगळ्याला आंबूस वास सुटला.

तिसऱ्या प्रहरी मदतीची होडी आली. एक चष्मेवाला बाबू आणि चिवड्याच्या, म्हणजे तिकडच्या कोरड्या पोह्यांच्या, पोत्यांवर बसलेले दोन गडी. गिरिबाला पदर पसरून पाण्यात उभी राहिली. मी तिला मागे सारले.

"आम्हांला चिवडा नको. पाणी उपसायचा पंप पाहिजे. बागनानला आहे असे मी ऐकले."

"तो वर गेला, मासिमा. दुसऱ्या भागात."

"मग परत मागवा. माझा मुलगा रेल्वेच्या कचेरीत आहे. तुमच्या साहेबाचे नाव सांगा."

बाबूने माझ्याकडे पाहिले. माझे नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेले होते, केसांत गाळ, हात कोपरापर्यंत काळे. "सगळ्यांचीच मुलं कुठे ना कुठे असतात, मासिमा," तो अगदी सौम्यपणे म्हणाला आणि गड्याला खूण केली. गड्याने गिरिबालेच्या पदरात मापभर चिवडा टाकला. मग, मी काही बोलायच्या आत, माझ्याही पदरात टाकला. होडी पुढे गेली.

जन्मात पहिल्यांदा माझा पदर कुणापुढे पसरला गेला होता, आणि तो मी पसरलाही नव्हता. गिरिबाला माझ्याकडे बघत होती. मग तिने हसू दाबत म्हटले, "तुला माझ्यापेक्षा जास्त घातला."

"मी मोठ्याने बोलले ना," मी म्हणाले. तो चिवडा आम्ही एकत्र केला.

चारुदत्तची रजा संपली. माधवचा पाय त्याच सुमारास पोटरीपर्यंत काळानिळा झाला, आणि त्याला वात झाला. तो मध्येच उठून दोऱ्या शोधू लागे. चारुदत्तने उपेनला बाजूला घेतले.

"काका, ह्याला हावड्याच्या हॉस्पिटलात न्यायला हवं. मी नेतो. पण पायाला शस्त्र लावायची वेळ आली तर घरच्या माणसाला विचारतील. तुम्हांला यावं लागेल."

उपेन मळ्यात गेला आणि बराच वेळ आत राहिला. बाहेर आल्यावर त्याने दार ओढून घेतले, काथ्याच्या दोरीने बांधले आणि गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघितली.

"माधवची आई, हे दार उघडायचं नाही."

"आणि पाणी?" गिरिबालेने विचारले.

"पाणी आपलं काम करील."

माधवला दाराच्या फळीवर निजवून होडीत ठेवले. प्रतिभा पाण्यातून होडीबरोबर चालत गेली, पाणी छातीशी आले तेव्हा थांबली. माधव शुद्धीवर नव्हता. उपेनने मागे वळून पाहिले ते आमच्याकडे नव्हे, मळ्याकडे.

दुपारी मी त्या दारापाशी जाऊन बसले. कुडाच्या फटीतून आतले पाणी दिसत होते, स्तब्ध, आणि त्यात गळून पडलेली पिवळी पाने. मी म्हणाले, "बकुलफूल, मी आत जाते. मी तुमच्या कुळातली नाही, तुमच्या देवाचा माझ्यावर काय राग असायचा?"

गिरिबाला दाराला पाठ लावून उभी राहिली. "तू गेलीस तर पाप माझ्या माथी येईल. तुला मी अडवलं नाही म्हणून."

"आणि वेली मेल्या तर?"

"तर त्या पाण्याने मेल्या. माझ्यामुळे नाही."

"हा काय हिशेब झाला?"

"तुझं काय जातं, बकुलफूल? तू गाडीत बसशील. मला ह्याच माणसांत मरायचं आहे."

आम्ही दोघी असे बोलत असता मागे पाण्याचा आवाज झाला. प्रतिभा अंगणाच्या कडेला पुराच्या पाण्यात बुडी मारून उभी राहिली होती. केस मोकळे, काखेत घागर, पातळ अंगाला चिकटलेले, थंडीने दात वाजत होते. तिने सासूला हाताने बाजूला केले. जोराने नव्हे, झोपलेल्या मुलाला सरकवावे तसे. गाठ तिला सुटेना, म्हणून तिने ती दातांनी सोडवली.

"बऊमा!" गिरिबालेने हाक मारली. सूनबाई.

"माझ्या नवऱ्याचा पाय तिकडे कापतायत," प्रतिभा आतून म्हणाली. "त्याने परत येऊन काय बघायचं?"

गिरिबाला उंबरठ्यावरच खाली बसली. मी तिच्यापुढे हात केला. तिने माझ्याकडे बघितले नाही, पण थोड्या वेळाने आत हात घालून तिने प्रतिभेच्या हातातली भरलेली घागर घेतली आणि माझ्याकडे दिली. मी ती बांधापलीकडे ओतली.

टोपली आम्हांला जमणारी नव्हती. घागर, कढई, रॉकेलचा रिकामा डबा, जे होते ते. सारा मळा आमच्याच्याने होणार नाही हे प्रतिभेने आधीच ओळखले होते. तिने दाराजवळची पहिली ओळ धरली. तिच्या आणि पुढच्या ओळींच्या मध्ये तिने हातांनी गाळाचा वरंबा घातला, त्यावर लिंपण केले, आणि एवढ्याच पट्टीतले पाणी आम्ही उपसत राहिलो. ती आत, गिरिबाला दारात, मी बाहेर. पाझर येतच राही. सूर्य मावळेपर्यंत उपसायचे, झुंजुमुंजू होताच पुन्हा उभे राहायचे. माझे खांदे मला दुसऱ्या कुणाचे तरी वाटू लागले. गिरिबालेने एकदाही आत बघितले नाही. घागर घेताना आणि देताना ती डोळे मिटत असे.

उपेन परतला तेव्हा अंगणातले पाणी उतरून चिखल झाला होता. तो एकटा आला.

"दोन बोटं काढली," त्याने सांगितले. "पाय राहिला. चालेल, पण ओझं उचलून नाही." मग त्याने दाराकडे पाहिले. काथ्याची गाठ वेगळी होती.

त्याने आधी आंघोळ केली. मग आत गेला. आत मागच्या सगळ्या ओळींची खोडे काळी पडून कापडासारखी लोंबत होती. दाराजवळची ओळ उभी होती. एका वेलीला बोटभर नवा कोंब आला होता, ताम्रवर्णी आणि चकचकीत.

बाहेर येऊन त्याने विचारले, "आत कोण गेलं होतं?"

मी तोंड उघडले, पण प्रतिभा आधी बोलली. "मी."

उपेन खाली बसला. त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. प्रतिभेने तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला. तांब्या तसाच राहिला. थोड्या वेळाने उपेन उठला, करवंटी घेतली आणि स्वतःच्या हाताने घागरीतून पाणी घेऊन प्याला. प्रतिभेने भरलेला तांब्या उचलून तुळशीच्या मोडक्या वृंदावनात ओतला.

"उपेन," मी म्हणाले, "ज्या ओळींना कुणी शिवले नाही त्या मेल्या. जिला ह्या पोरीचे हात लागले ती उभी आहे. तुला दिसत नाही का?"

"दिसतंय, मा-ठाकरुन."

"मग हिचे तुकडे घे आणि पुन्हा लाव."

"मी एकटा असतो तर लावले असते," तो म्हणाला. एवढेच.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाहून दिगंबर बारुई आला. त्यांच्या जातीतला थोर माणूस. त्याचा मळा उंचावर होता आणि पुरातून वाचला होता. त्या भागात आता वेलीचे तुकडे मिळायचे तर त्याच्याकडेच. तो चिखलात मांडलेल्या फळीवर बसला. उपेनने हुक्का पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

"गाव बोलतंय, उपेन."

"हो."

"त्या ओळीचं पान तू बाजारात नेलंस तर कोणी बारुई तुझ्या टोपलीशेजारी टोपली ठेवणार नाही. मी तुला वेल देईन. पण त्या मळ्यात तसली एकही वेल उभी असता देणार नाही. आधी ती ओळ काढ. जागा शुद्ध कर."

मला राहवले नाही. मी उभी राहिले. "दिगंबर, ती पोर नवऱ्याचा पाय तुटत असता थंडगार पाण्यात उभी होती. तिने न्हाऊन पाऊल ठेवले. ह्यात अशुद्ध काय आहे ते मला सांग. मी सांगते, ही ओळ राहील."

दिगंबरने हात जोडले. त्याच्या बोलण्यात कुठेही उद्धटपणा नव्हता. "मा-ठाकरुन, तुमच्या पायांची धूळ माझ्या माथ्यावर. एक विचारू? तुमची ही सई इतकी वर्षं तुमच्याकडे पानं घेऊन येते. न्हाऊनच येत असेल. तुमच्या देवघरात तिने कधी पाऊल ठेवलं आहे का?"

मी गिरिबालेकडे पाहिले. ती खाली बघून पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत होती.

पाणी ओसरल्यावर सगळीकडे बेडूक ओरडत होते. मी पुन्हा खाली बसले.

उपेनने ती ओळ त्याच दुपारी काढली. न्हाऊन, धुतलेला पंचा नेसून तो आत गेला. मेलेल्या वेली त्याने तशाच राहू दिल्या. जिवंत ओळीपाशी बसला. कुजलेला कूड आता फाटल्यामुळे आम्हांला सारे दिसत होते. त्याने वेल ओरबाडली नाही. काडीला बांधलेली एकेक गाठ नखाने सोडवली, वेल सैल केली, मुळाभोवतीचा चिखल बोटांनी बाजूला केला आणि मग ती दोन्ही हातांनी उचलली. मुळे पांढरी होती. प्रतिभा कुडाबाहेर उभी होती. नवा कोंब आलेल्या वेलीपाशी तो आला तेव्हा ती वळून निघून गेली आणि छपराखाली शिरून गाळ ओढू लागली.

"त्यातले दोन तुकडे मला दे," मी उपेनला म्हणाले. "माझ्या गच्चीत लावीन."

"बारुई पान विकतो, मा-ठाकरुन. वेल जातीबाहेर देत नाही." त्याचे डोळे लाल झाले होते. "एवढं तरी माझ्याकडे राहू द्या."

त्याने साऱ्या वेली नदीत सोडल्या.

मी निघाले त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा विचारले. "वरची खोली झाडून ठेवली आहे, बकुलफूल. चल. हिवाळाभर राहा."

गिरिबालेने माझ्या हातांवरचा चिखल आपल्या पदराने पुसला. तिच्या पदराला माझ्या हातांपेक्षा जास्त चिखल होता. "तुझ्या घरी मी सई आहे ग. राहायला आले की आश्रित होईन. मग टोपली कुणी आणायची?"

"माधवचे काय?"

"बाउडियाच्या चटकलात बसून करायचं काम असतं म्हणे. हॉस्पिटलातून तो तिकडेच जाईल. बऊमा त्याच्याबरोबर. तिच्यासाठी तेच बरं. इथे तिच्या हातचं पाणी कोण पिणार?"

"तू?"

छपराखालून केळीच्या पानात बांधलेली एक छोटी गड्डी आणून तिने माझ्या हातात दिली. वर ओले फडके होते.

"उपटण्याआधी त्यांनी पाने खुडून ठेवली होती. फेकवेनात त्यांना. बाजारात तर नेता येत नाहीत. तुझ्या देवाला चालतील का बघ."

"चालतील," मी म्हणाले.

होडीवाला तोच होता. बांबू रोवत तो म्हणाला, "दिगंबर बारुईचा मळाही बसला, मा. काल कळलं. वरून कोरडा दिसत होता, पण खालून ओल चढली. खोडं काळी पडलीत."

"सगळी?"

"सगळी."

मी मागे वळून पाहिले. उपेन रिकाम्या मळ्यात कुदळीने जमीन वर काढत होता, नव्या वेलीसाठी. त्याच्यापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नव्हती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकेच अंतर होते. होडीवाल्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याला होडी थांबवायला सांगितले नाही. बांबू वर आला, पुन्हा खाली गेला, आणि उपेन लहान होत गेला.

भवानीपूरला पोचले तेव्हा घट बसून गेले होते. मीनाक्षी सोवळ्यात होती, हातात पळी-पंचपात्री. माझे पाय अजून चिखलाने माखलेले होते, म्हणून मी देवघराच्या बाहेरच थांबले, गिरिबाला जिथे उभी राहत असे तिथे, आणि गड्डी उंबऱ्यापाशी ठेवली.

"कल्याणचकची पाने?" मीनाक्षी म्हणाली. "बरे झाले, आई. बाजारची आणावी लागली होती."

तिने पळीत पाणी घेतले. मी तिला लग्न होऊन आल्यापासून शिकवले होते तसे, पदर सावरून, पानांना स्पर्श न करता. तिने एकदा माझ्याकडे बघितले.

मी काही तरी बोलेन असे मला वाटले. तिने पाणी शिंपडले आणि पाने आत घेतली.